दोन शेगड्या, दोन वांगी

हट्टी माणसांचं मला सांगूच नका. मी एकाची लेक आणि दुसऱ्याची बायको. अमरावतीला आमचे बाबा शेगडीसाठी कोळशाच्या चुऱ्यात शेण कालवून गोळे वळायचे. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात आमचे हे अकोल्याहून सासुरवाडीला आले, ते आपले गोळे पिशवीत घालूनच.

"मामाजी, आमी काळी माती कालवतो. भरताचं वांगं भाजाले आमचेच गोळे बरे."

"पाहू न! ज्याचं वांगं आधी भाजलं, तो जिंकला."

परसात दोन शेगड्या पेटल्या. मी खिडकीतून बघत होते. हे विहिरीवर हात धुवायला गेले, तसे बाबा उठून ह्यांच्याच शेगडीला वारा घालू लागले. जावयाला घरी बोलावून हरवायचं कसं? मग बाबा पानाचा डबा आणायला आत आले, तर हे बाबांच्या शेगडीला वारा घालून राहिले होते. सासऱ्याला हरवायचं कसं?

दोन्ही वांग्यांचा कोळसा झाला.

आईनं दोघांना भाकरीवर ठेचा वाढला आणि म्हणाली, "इतकी माया होती एकमेकाची, तं एकच शेगडी पेटवायची होती न!"