उंबराची केंबरं आणि सगुणेवरचा आळ

थांबा. पेटी थांबवा! गाणं नंतर. आधी एक सवाल टाकतो. मंडळी, ऐका — झाडाला फळ धरलं नाही, तर दोष कुणाचा? झाडाचा? मातीचा? की समोर जी पहिली बाई दिसेल तिचा?

माना डोलवू नका! इथं डोलवता आणि घरी जाऊन नेमकं उलटं करता!

धामणवाडी नावाचं गाव. गावात दत्ताचं देऊळ, देवळापुढं उंबर — तीन माणसांच्या कवेत न मावणारा. दत्तजयंतीला पाहुणे आले. कडक इस्त्रीचे! पंगतीत बसले, आणि शिऱ्यावर टपटप केंबरं पडली. केंबरं ठाऊक ना? उंबर फोडला की भुर्रकन उडतात ती, तिळाहून लहान.

"आबा, देवाच्या दारात किडे?"

झालं! आबासाहेब इंगवले, देवस्थानचे अध्यक्ष, लाजेनं काळेठिक्कर! दुसऱ्या दिवशी द्राक्षबाग फवारायचा ब्लोअर आणला आणि देवाचं झाड औषधानं धुऊन काढलं. एकदा नाही — दर आठ दिवसांनी! भाविक प्रदक्षिणा घालतायत नाकाला पदर लावून! कुणी विचारलं का, आबा, हे काय? छे! ब्लोअर अध्यक्षांचा!

पुढचा बहर आला. फळं सुपारीएवढी झाली — आणि गळली. हिरवीच! नुसता सडा!

मग गाव विचार करायला बसलं. गाव विचार करायला बसलं की मला धडकी भरते, मंडळी!

"ती दत्तूची सगुणा रोज अकरा फेऱ्या घालते. बुंध्याला हात लावते. लग्नाला नऊ वर्षं झाली, कूस उजवली नाही तिची..."

सापडला गुन्हेगार! गावभर घरघरणारा ब्लोअर कुणाला ऐकू आला नाही, बाईची कूस तेवढी सगळ्यांना दिसली!

देवळात सभा भरली. सासू म्हणाली, "गावानं एकदा सांगावं. हिचाच दोष म्हणा, उद्याच्या एसटीनं माहेरी पोचवते. पोराचं दुसरं बघते." आणि दत्तू? नवरा? बसला होता चपलेचा अंगठा कुरतडत!

सगुणा उठली. ओच्यात फळं होती. तिचा बाप वनखात्याच्या रोपवाटिकेत मजूर. झाडंझुडपं तिला लहानपणापासून ठाऊक.

"आबा, हे देवळापुढचं." फोडलं. आत कोरडं. काही नाही. "आणि हे टेकडीपलीकडच्या ओढ्यावरचं. तिथं तुमचं औषध पोचलं नाही." फोडलं — भुर्र! एक केंबरू थेट आबांच्या मिशीवर!

एक म्हातारा खेकसला, "पोरी, उंबर फोडून केंबरं उडवू नयेत. आपले आजे सांगून गेले."

"उडवू नयेत म्हणाले, मामा. मारा म्हणाले नाहीत!"

वा गं वाघिणी!

मग तिनं सांगितलं. उंबराची फुलं दिसत नाहीत, कारण ती फळाच्या आत असतात. केंबराची मादी एवढ्याशा भोकातून आत शिरते. शिरताना पंख तुटतात तिचे! दुसऱ्या फळातून आणलेले पराग ती या फुलांना लावते, तिथंच अंडी घालते आणि तिथंच मरते. काही फुलांत बी धरतं, काहींत तिची पिल्लं वाढतात. झाड तिला घर देतं, ती झाडाला बी देते. ती आली नाही, तर झाड फळ टाकून देतं.

आता नवरोबांनो, कान इकडे! त्या फळात नर जन्मतो. आंधळा. पंख नाहीत. मादी अजून आपल्या फुलात बंद, तिथंच लग्न लागतं — ना वाजंत्री, ना मानपान! मग हा गडी काय करतो? रुसतो? दुसरी बघतो? नाही! फळाची साल कुरतडून तिला बाहेर जायला वाट करून देतो आणि मरतो. जन्मात आभाळ न बघता! एवढासा किडा! आणि दत्तू — पाच फूट आठ इंच — बायकोसाठी त्याच्या तोंडून एक शब्द निघाला नाही!

आबा खाकरले. "बरं, बरं. फवारणी बंद. सगुणा निर्दोष. उद्यापासून घाल पोरी फेऱ्या."

"मी नाही येत."

"आँ? आता काय झालं?"

"आज फळ फोडून दाखवता आलं, म्हणून सुटले. ओढ्यावरचं झाड नसतं तर? माझं पोट फोडून दाखवायचं होतं का, आबा?"

सासूकडं वळली. "आत्याबाई, एसटीचं तुम्ही बघू नका. माझी मी जाते." आणि गेली! त्याच दुपारी.

मंडळी, हे आख्यान लावलं की लोक मला गाठतात. "बुवा, दत्तू गेला का हो मागं?" प्रत्येक गावात हाच प्रश्न! आबांनी तिची माफी मागितली का, हे एकानंही विचारलं नाही! एकानंही! — नाही मागितली. फवारणी थांबली, केंबरं आली, उंबर पुन्हा लगडला. किड्यांना परत यावंसं वाटलं. सगुणेला नाही वाटलं. कशाला वाटेल?

आणि तुम्ही हळहळताय. "अरेरे, काय ते धामणवाडीचे लोक!" खरं ना?

मग मला सांगा — मघाशी देवीची ओटी भरायला पाच लेकुरवाळ्या बोलावल्यात. तिकडं मागं, चपलांच्या ढिगाशी, तिघी बसल्यात. त्यांना हाक का नाही मारली? खाली बघू नका! सगळ्या गावाला कारण ठाऊक आहे. माझ्यासारख्या परक्याला आल्या आल्या, चहाच्या कपाबरोबर सांगितलंत!

बायांनो, उठा. या पुढं. वाट द्या त्यांना! आजची आरती त्या तिघी लावतील. कुणाची हरकत असेल तर त्यानं आत्ता, देवासमोर, मोठ्यानं सांगावी — यांच्या हातात नेमकं काय वाईट आहे ते.

मी उभा आहे. सांगा.