फुटबॉलवाल्याचं स्थळ

चोपड्याच्या बसस्थानकात धुळ्याच्या गाडीची रांग हलत नव्हती. रोशनीच्या मागे तिचे वडील नाना आणि मध्यस्थ आबा तिच्याच स्थळाबद्दल बोलत होते, जणू ती रांगेत नव्हतीच.

“हा रोहिदास करतो काय?”

“ऑस्ट्रेलियन फुटबॉल खेळायचा. आपल्या भागातला पहिलाच.”

“म्हणजे काय करायचं?”

“लांबट चेंडू हातात धरून पळायचं, मग लाथ मारायची.”

“हातात आलेलं लाथाडायचं. आणि अशाला मी पोरगी द्यायची?”

“मेलबर्नला खेळून आलाय, नाना.”

“आणि परत चोपड्यालाच आला. बठ्ठा गाव हासत व्हई.”

“आता गुडघा गेलाय. केळीचे घड ट्रकमध्ये भरतो.”

“मग हे आधी सांगायचं ना, आबा. पोरगा मार्गी लागलाय. रविवारी बोलवा.”

रोशनीने मागे वळून विचारलं, “आबा, गुडघा बरा होईल ना?”

“डॉक्टर नाही म्हणतात.”

“चला,” नाना म्हणाले, “एक काळजी मिटली.”