सरांचं ‘नक्की?’

अगं, आमच्या सर्जरीच्या सरांना ‘नक्की?’ विचारायची भारी खोड आहे. बरोबर उत्तरालाही तेच. परवा राऊंडला मी पालीच्या एका कोळीण मावशींचं पोट तपासत होते. उजवीकडे खाली दाबलं, तशा त्या ओरडल्याच.

“अपेंडिक्स, सर.”

“नक्की?”

“मग... मुतखडा?”

“नक्की?”

“गॅस असेल, सर.”

सर भडकले. “अगं, सोनोग्राफीत अपेंडिक्सच आलंय! बदललंस कशाला?”

मला कळेचना, मी चुकले कधी आणि बरोबर कधी होते.

तेवढ्यात सर मावशींकडे वळले. “दुखतंय कुठे?”

“उजवीकडं.”

“नक्की?”

मावशींनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा सरांकडे.

“मंग डावीकडं असल, सायेब. तुमी शिकलेले.”