मागच्या काचेची पट्टी

क्लबचे सन्माननीय अध्यक्ष केसलर साहेब, व्यासपीठावरचे पाहुणे, ज्यांना निरोप द्यायला जमलोय ते आमचे एल्रॉय, आणि समोरच्या सगळ्या कॉर्व्हेट गाडीवाल्यांनो व त्यांना सहन करणाऱ्या बायकांनो,

माझी शाळा सहावीत सुटली. पुढचं शिक्षण एल्रॉयच्या गाड्या दुरुस्तीच्या दुकानात पॉलिशपेपर घासत झालं. तेव्हा थोडक्यात उरकते.

पाहुण्यांनी मघाशी गाडीचा इतिहास सांगितला. त्रेपन्न साली मिशिगनमध्ये पहिल्या तीनशे झाल्या, सगळ्या पांढऱ्या, आतून लाल. मग कारखाना आपल्या सेंट लुईसला आला. बरोबर. पण त्रेसष्टच्या गाडीवरून ते भरकन पुढे गेले. का बरं?

त्या वर्षीच्या टपवाल्या गाडीला मागे दोन काचा होत्या, मधोमध पट्टी. चौसष्टला कंपनीने पट्टी काढून सलग काच बसवली. झालं, आमच्या दारात रांग. एक साहेब, नाव घेत नाही, म्हणाले, "एल्रॉय, शेजाऱ्याने यंदाची आणली. माझी म्हातारी दिसायला लागली. काप ती पट्टी."

"मालक, पस्तावाल."

"तू करवत चालव. डोकं मी चालवतो."

चालवली करवत. पट्टी भिंतीवर टांगली. एल्रॉय काही फेकून देत नाहीत. मलाही पंचवीस वर्षं ठेवलंय.

पुढे पट्टीवाल्या गाड्या मिळेनाशा झाल्या, त्यांचा भाव चढला, आणि तेच साहेब मागच्या दाराने माझ्याकडे आले. "लव्हर्न, पट्टी बसव. आणि तोंड बंद ठेव." कापलेली परत बसत नाही, म्हणून नवी केली. जोड मी घासला. ही गाडी पत्र्याची नाही, फायबरची; त्या चुऱ्याने आठवडाभर अंग खाजलं, पण तोंड बंद ठेवलं. आज ती गाडी 'कारखान्यातून निघाली तशीच' म्हणून चषक घेऊन मिरवते. आनंद आहे.

अध्यक्ष साहेब, पाणी घ्या.

तर एल्रॉय उद्यापासून मासे धरायला मोकळे. दुकान मी चालवावं असं त्यांचं म्हणणं, माझंही. पण जागा केसलर साहेबांची, आणि महिनाअखेर ती रिकामी करा असा त्यांचा निरोप आलाय. तिथे म्हणे गाड्या उभ्या करायला फरशी घालायची आहे. मग भिंतीवरचं सामान मी कुठे ठेवू? म्हटलं, ज्याचं त्याला इथेच देऊन टाकावं, सगळ्यांसमोर. सुरुवात म्हणून हे हातभर लांब पुडकं आणलंय.

बसा साहेब, अजून सोडलं नाही. आधी विचारते, दुकान राहू द्यायचं का?

मान हलली. मागच्या रांगेला दिसली नाही, पुन्हा हलवा. हं. एल्रॉय, पाहिलंत ना? आता टाळ्या वाजवा सगळे.

हे घ्या, सोडते पुडकं. खायची सलामी आहे, खारवलेल्या मांसाची. इटालियन वस्तीतली, एल्रॉयना आवडते तीच, नदीवर डब्यात न्यायला. तुम्हाला काय वाटलं, साहेब?

पट्टी भिंतीवरच आहे. दुकान आहे तोवर तिथेच राहील.

जेवण रांधणाऱ्यांचे आभार, अध्यक्षांचे तर फारच. चुकून काही बोलले असेन तर माफ करा. मुद्दाम बोलले तेवढं लक्षात ठेवा.