दोन रविवारांचा उपास

...आणि वर मला म्हणतो काय, "छान चाललंय, पेनिअमिना!" कसलं डोंबलाचं छान? इकडे पोटात कावळे ओरडतायत, समोर बायको, आमची फुआतिनो, टर्कीच्या शेपट्या तळतेय, आणि हा खिशातला दीडशहाणा मोबाइल टिंग करून सांगतो, अजून चार तास पाणी प्या!

तुम्हाला सांगतो, हौस म्हणून नाही हो केलं हे. गुडघे गेलेत माझे. सभेत गावाच्या वतीने बोलायचा मान आमच्या घराण्याचा, आणि सभेत बसायचं कसं? मांडी घालून! मी बसतो पाय पसरून, पायांवर चटई टाकून... लाज वाटते हो, खरंच वाटते. मागे तर बोलायला उठताना दोघांनी काखेत हात घालून मला उभा केला, मग कसलं भाषण न् कसलं काय! न्यूझीलंडचे डॉक्टर वर्षातून एकदा आमच्या राजधानीत, आपियाला येतात, गुडघे बदलून देतात, पण नर्स लोसा म्हणाली, "काका, आधी एकशे वीस किलोच्या खाली या, नाहीतर आमचं टेबल मोडेल." आणि हे ॲप तिनेच घालून दिलं, खाल्लं की त्यात नोंदवायचं. सोळा तास उपास, उरलेल्या आठ तासांत काय ते खा, आठवड्यातून एक दिवस मोकळा. मोकळा कुठला? अहो, रविवारच! चर्चहून आल्यावर भट्टीतलं डुक्कर समोर असताना उपास कोण करतो?

तीन महिने रेटलं. उतरलो हो, अगदी काठावर का होईना, उतरलो! डॉक्टर गुरुवारी येणार, आणि नेमका ताईचा फोन. सेलेतुते, माझी थोरली बहीण, शेजारच्या बेटावर पागो पागोला असते. "नवं घर बांधलंय, आशीर्वादाला भाऊ नको का?" आता बायकोला नाही म्हणता येतं, पाद्र्यालाही एक वेळ म्हणता येतं, पण बहिणीला? आपल्यात? तिचा तळतळाट नातवंडांपर्यंत पोचतो!

मग काय, रविवारी घरी पोटभर जेवलो, सोमवारी सकाळी विमानात बसलो, जरा डोळा लागतोय तोवर उतरलोसुद्धा, तर ताई पांढरे कपडे, पांढरी टोपी घालून उभी! म्हटलं, "ताई, सोमवारी चर्च?"

"वेड लागलं का तुला? आज रविवार आहे!"

अहो, मधे समुद्रात तारखेची रेषा आहे, तिकडे एक दिवस मागे असतो, हे आपल्याला काय ठाऊक नाही? पण पोटाचा हिशोब कोण करतो? चर्च झालं, जेवण मांडलं. अख्खं डुक्कर, नारळाच्या दुधातली अळूची पानं, भाजलेले कंद... मी म्हटलं, "ताई, माझा रविवार काल झाला गं."

"काल शनिवार होता."

"माझ्याकडे रविवार होता."

"तू आत्ता कुणाकडे आलायस?" आणि तिचा चेहराच पडला. "पहाटेपासून भट्टीपाशी आहे रे मी, पेनी..."

खाल्लं. दोनदा घेऊन खाल्लं. सोमवारी तिने उरलेलं गरम केलं, न्याहारीलाच, तेही खाल्लं! मंगळवारी सकाळी परत विमानात बसलो आणि घरी उतरलो तो बुधवारी. अख्खा मंगळवार गायब! आणि ॲपला काय दिसलं? मंगळवारी ह्या माणसाच्या तोंडात शीतसुद्धा गेलं नाही! पदक दिलं मला, फटाके उडवले, "छान चाललंय, पेनिअमिना!" आणि खोटं कशाला सांगू, क्षणभर मलाही वाटलं, देवाने एक दिवस माफ केला असेल...

गुरुवारी काट्यावर उभा राहिलो. काट्याला वार थोडाच कळतो? लोसाने खाली पाहिलं, वर पाहिलं, मी मोबाइलमधलं पदक पुढे केलं. "काका... आता पुढच्या वर्षी." एवढंच म्हणाली. घरी आलो तर फुआतिनो एक अक्षर बोलली नाही. ती ओरडते ना, ते परवडतं हो. ती गप्प बसली की मला रडू येतं.

संध्याकाळी ताईचा फोन. कळलं होतं तिला. ढसाढसा रडली बिचारी. "माझ्यामुळे झालं रे हे सगळं! तू ये, रविवारी ये, तुझ्या आवडीचं करते, मनाला बरं वाटेल तुझ्या."

म्हटलं, "ताई, कुठल्या रविवारी? माझ्या की तुझ्या?"

"हे काय विचारणं झालं? दोन्ही!"

बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार?