विमानातून केलेल्या हाताबाबत

जबाब देणार: मयताची पत्नी, वय ४६ वर्षे, धंदा पडदे शिवणे, राहणार गोदामामागची गल्ली, तळमजला.

मी समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी, माझे पती व सासूबाई असे राहत होतो. पती लिफ्ट दुरुस्तीचे काम करीत. सुट्टीच्या दिवशी ते घरामागच्या शेडमध्ये एका माणसापुरते विमान बांधत. शेड अपुरी पडल्याने एक पंख बरेच दिवस आमच्या बैठकीच्या खोलीत होता. त्यावरचे कापड मी शिवले आहे. शेजारीण विमानाला माझी सवत म्हणायची. पतींना हे म्हणणे फार आवडायचे. उडवण्याचा परवाना त्यांच्याकडे होता.

रविवारी सकाळी आम्ही गावाबाहेरच्या जुन्या धावपट्टीवर गेलो. सोबत धाकटे दीर होते. सासूबाईंना धावपट्टीच्या कडेला घडीच्या खुर्चीत बसवले. वारा नव्हता. पती म्हणाले, "दोन फेऱ्या मारतो आणि उतरतो. चहा ओतून ठेव." मी म्हणाले, "गार झाला तर माझ्या नावाने ओरडू नका." याखेरीज आमचे बोलणे झाले नाही.

विमान व्यवस्थित वर गेले. दोन फेऱ्या झाल्या, पण उतरले नाही. पुढेही फेऱ्या चालूच राहिल्या. दर वेळी तीच उंची, पंखाचा तोच कल. दिरांनी वायरलेसवर हाक मारली, "दादा, पुरे झालं. उतर आता." उत्तर आले नाही. "लाडात आलाय," असे म्हणून दीर हसले. नंतर ते हसेनासे झाले.

विमान जवळून जाई तेव्हा काचेच्या झाकणातून पती दिसत. मान जराशी कललेली होती. दर फेरीला ते मला हात करीत. मी रुमाल हलवी. एका फेरीला मी रागाने रुमाल हलवला नाही. त्यांनी हात केला.

तासाभराने इंजीन थांबले. विमान आमच्याकडे तोंड करून खाली येऊ लागले. आवाज अजिबात नव्हता. पतींनी पुन्हा हात केला, पण तो वेगळा होता. पंख दारातून काढताना मी वाटेत आले की ते जसा करीत तसा, तळवा उभा धरून बाजूला. मी ओरडले, "भावजी, बाजूला व्हा म्हणतायत!" आम्ही दोघांनी सासूबाईंना दंडाला धरून ओढले. त्या म्हणाल्या, "अगं, माझी चप्पल राहिली." विमान खुर्चीवर पडले.

मी आधी पोचले. पतींचा हात धरला. उन्हाने तापलेल्या पत्र्याचा चटका बसत होता. हात गार होता. पुढचे दीर सांगतील.

काल डॉक्टरांनी मला सांगितले की, मृत्यू पडल्यामुळे झालेला नाही. पडताना झालेल्या जखमांतून रक्त आलेले नाही. हृदय वरच बंद पडले, बहुधा सुरुवातीच्या फेऱ्यांतच. त्यानंतर इंधन संपेपर्यंत विमान आपले आपण फिरत राहिले.

वाऱ्याने हात हलला असेल का, असे जबाब घेणाऱ्या साहेबांनी विचारले. विमान पडेपर्यंत झाकण बंद होते. दिरांना हात दिसला का, असे विचारले. त्यांना दिसला नाही. ते वायरलेसमध्ये डोके घालून होते. सासूबाईंना मोतीबिंदू आहे. तेव्हा "भास झाला" असे लिहू का, असे साहेबांनी विचारले.

मी म्हणाले, "भास लिहा साहेब. पण मग आम्ही तिघं तिथून कशाने हललो, तेही लिहा."

साहेबांनी पंखा बंद करायला सांगितला व हवालदारांना, "त्या सांगतात तसं घ्या," असे म्हणाले.

वरील मजकूर हवालदारांनी मला सावकाश वाचून दाखवला. तो मी सांगितला तसाच आहे. हाताबद्दलची वाक्ये खोडलेली नाहीत. माझी कोणाविरुद्धही तक्रार नाही.