अंगात आलेली योगिता

सिल्वासाच्या टॉकीजबाहेर तिकिटाच्या रांगेत माझ्या पुढे एक मुलगी आणि तिची आई उभ्या होत्या. मुलीचा पाय जमिनीवर ठरत नव्हता.

“माय, ऐक ना! मांत्रिक मेलेल्या सवतीचा आत्मा हिरॉइनच्या अंगात घालतो. मग ती मातीत गडबडा लोळते. ते लोळणं माझं आहे!”

“तुझं? योगिता, तू तर कंपनीत पॅकिंग करते.”

“खानवेलला शूटिंग होतं तेव्हा सुट्टी टाकून बघायला गेले होते. हिरॉइनचा पाय मुरगळला. डायरेक्टर म्हणाला, हिच्या अंगकाठीची कोणी आहे का? मीच हात वर केला!”

“अन् मला आज सांगते?”

“तू करू दिलं असतं का?”

“नसतंच दिलं. खरंच काही अंगात शिरलं असतं म्हणजे?”

“शिरलंच होतं! अशी ओरडले की लाइटवाला दोन पावलं मागे सरकला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, माय!”

“मग आता पडद्यावर तू दिसशील?”

“तोंड हिरॉइनचं. माझी पाठ, केस आणि आवाज.”

“आवाज तुझाच ठेवला?”

“माझा कुठला? बाबा गेल्याचा फोन आला तेव्हा तू ओरडली होती ना, तशीच ओरडले.”

रांग पुढे सरकली. दोघी जागच्या हलल्या नाहीत.

“योगिता.”

“रागावली का गं?”

“अगदी पुढची तिकिटं माग. मला नीट ऐकू आलं पाहिजे.”